मामाची मांडी

मी यवतमाळला एका कृषी केंद्रात कामाला आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध. घर बाभुळगावला, त्यामुळे रोज मोटारसायकलने जाणं-येणं. दिवसभर औषधाच्या बाटल्या हाताळल्या की हाताला एक वास बसतो. साबणाने तो जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. मला स्वतःला तो जाणवत नाही. गिऱ्हाइकांनाही नाही, कारण त्यांच्याही हाताला तोच असतो. पण बहिणीने माझ्या हातात येऊ पाहणारा भाचा मागे ओढून घेतला, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हा वास.

बहीण माझ्याहून धाकटी, दिग्रसला दिलेली. आमचं घर बौद्ध. दिवाळी म्हणून आम्ही काही करत नाही, पण सुट्ट्या सगळ्यांनाच असतात आणि चिवड्याला धर्म नसतो, असं आई म्हणते. म्हणून त्या दिवसांत बहीण माहेरी येते. या वेळी भाचा आठ महिन्यांचा झाला होता. आधी ती पावसाळ्यात आली होती, तेव्हा हा माणूस रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर झोपायचा. मी भिंतीला टेकून मांडी घालून बसायचो, तो मधल्या खळग्यात बसायचा आणि माझं पोट चिमटीत धरून डोळे मिटायचा. मला मुंग्या यायच्या, पण मी हलायचो नाही. आई हसायची, म्हणायची, एवढा नेटका तू शाळेतही कधी बसला नाहीस.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. माझं लग्नाचं बोलणं चालू आहे, आणि ते चालूच आहे. घरात आई आणि मी. मी घरी आल्यावर कोणी हात-पाय उडवून आनंद व्यक्त करावा, असं दुसरं कोण होतं? ते पोरगं परत येणार म्हणून मी वाट पाहत होतो. लाज वाटावी इतकी वाट पाहत होतो. मला त्याला मांडीवर घ्यायचं होतं, एवढीच माझी मागणी.

ती आली त्या संध्याकाळी मी दुकानातून आलो, चपला काढल्या आणि हात पसरले. पोरगं ओळखून पुढे झेपावलं. बहीण मात्र त्याला घेऊन गर्रकन वळली.

"बाहेरून आला तू. आंधी हातपाय धुऊन ये."

बरोबर आहे, म्हटलं. धुऊन आलो, तर म्हणाली, "आता झोपाले आला तो." पोरगं तर टक्क जागं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आधी आंघोळ केली, मगच घरात पाऊल टाकलं. तरी तेच. त्यानंतर बेसन लावून हात धुतले, लिंबू चोळलं, दुकानातले कपडे बाहेर दोरीवर टाकले. आई म्हणाली, "नवरदेव होऊन राह्यला का रे?" मी खोलीत आलो की बहीण पोराला खांद्यावर टाकून त्याचं तोंड आपल्या मानेत लपवायची. कधी त्याला पाजायचं आठवायचं, कधी दुपटं बदलायचं. पोरगं तिच्या खांद्यावरून माझ्याकडे हात करायचं आणि ती स्वयंपाकघरात निघून जायची.

त्यात पोराचं रडणं सुरू झालं. म्हणजे आल्यापासून किरकिर होतीच, आता ते दिवसभर रडू लागलं. लाळ गळून गळून हनुवटीला लाल पुरळ आलं. मूठ तोंडात, दुपट्याचं टोक तोंडात, बहिणीच्या गळ्यातली साखळी तोंडात. भाताची मऊ पेज चमच्याने द्यायला गेलं की एक घास घ्यायचं आणि जीव गेल्यासारखं ओरडायचं. अंगावर पिताना मध्येच सोडून रडायचं.

आता माझी आई अंगणवाडी सेविका. गावातल्या अर्ध्या पोरांना तिने काट्यावर तोललं आहे. पोराच्या पायात काळा दोरा दिसला की वजन घ्यायच्या आधी ती तो सोडायला लावते. का, तर म्हणे वजन चुकतं. दृष्ट, उतारा, बाहेरचं, असला शब्द कोणी तिच्यासमोर काढला तर त्या बाईचं काही खरं नसतं. तिच्या सख्ख्या बहिणीने नवस बोलला म्हणून तिने तिच्या घरचं जेवण टाळलं होतं. अशा बाईच्या घरात लाळ गाळणारं, मुठी चावणारं पोर दिवसभर रडत होतं, आणि घरात इलाज चालला होता पोटाचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तसं आईने विचारलं होतं. "दात येऊन राह्यले वाटते. पाहू दे बरं तोंड."

"पाह्यलं मी," बहीण म्हणाली. "काही नाई दातबित. पोट दुखून राह्यलं त्याचं. रात्री गॅस झालता."

आईने तरी बोट पुढे केलं, तर पोराने ओठ घट्ट मिटले आणि बहिणीने त्याला उचललं. "नको रडवू व आई त्याले, आत्ताच शांत झाला." आईने मान्य केलं. मुलगी डी.एड. झालेली आहे, तिने पाहिलं म्हणजे पाहिलं. मला तेव्हाच संशय आला होता, असं आई आता सांगते. त्यावर माझा विश्वास नाही.

मग बेंबीभोवती हिंगाचा लेप झाला. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोट शेकलं. बहिणीचं वरण बंद, वांगं बंद, हरभऱ्याची भाजी बंद, आणि ओव्याचं पाणी सुरू. पोराला पेज कोमट असली की गॅस होतो म्हणून ती आणखी गरम. ते बिचारं गरम चमचा हिरडीला लागला की आकांत करायचं आणि आई म्हणायची, पाह्य, पोट फुगलं असन. सगळं घर त्या पोटामागे लागलं होतं.

माझ्या नाकावर राग असतो, हे दुकानातही सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो बाहेर आला. दुकान लवकर बंद झालं होतं, मी उजेडात घरी पोचलो. पोरगं ओसरीवर चादरीवर पालथं पडून रडत होतं. मला पाहून थांबलं आणि ढोपरांवर यायला लागलं. मी खाली वाकलो. आतून बहीण धावत आली आणि अक्षरशः माझ्या हाताखालून तिने ते उचललं.

"माह्या हाताले वास येते त सरळ सांग न!" मी ओरडलो. "औषधाच्या दुकानात काम करतो, विष नाई खाऊ घालून राह्यलो तुह्या लेकराले. त्याच दुकानाच्या पगारावर तुह्यं लग्न झालं."

हे शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं. पण बोललो. बहीण माझ्याकडे पाहत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं होतं, ती उलट बोलेल. लहानपणापासून ती एकाचे दोन ऐकवणारी. ती एवढंच म्हणाली, "मी उद्या जातो दिग्रसले." आणि आत गेली. आईने मला धारेवर धरलं. पोरगी चार दिवस माहेराला आली तर तुला कायले पाहिजे भांडण, दाजींना काय सांगणार, वगैरे. मी न जेवता पडलो. चूक तिची आणि उपाशी मी, हा हिशोब मला काही पटला नाही.

सकाळी आई अंगणवाडीत गेली. बहिणीने पिशवी भरून दाराशी ठेवली होती आणि मोरीत दुपटी धूत होती. पोरगं अंगणात उन्हाला, गोधडीवर. रडत होतं. मी दुकानाला निघालो होतो, खांद्यावर डबा होता. त्याला ओलांडून जायचं म्हणजे दगडाचं काळीज पाहिजे. मी डबा खाली ठेवला, नळावर हात धुतले आणि त्याच्याजवळ उकिडवा बसलो. त्याने माझं बोट धरलं, तोंडात घातलं आणि चावलं.

चांगलं चावलं. बोटाच्या वरच्या बाजूला दोन बारीक धारदार टोकं रुतली, खालून नुसती गुळगुळीत, गरम, सुजलेली हिरडी. मी ओठ वर करून पाहिलं. तांदळाच्या कणीसारखे दोन दात, वरचे. खालच्या हिरडीत दोन पांढरट फुगवटे, अजून फुटायचे. मला इतका आनंद झाला की मी भांडण विसरलो.

"अवं, दात आले! वरचे दोन दात आले तुह्या पोराले! कायचं पोट घेऊन बसल्या तुम्ही?"

बहीण ओल्या हातांनी धावत बाहेर आली. कोणतीही आई अशा वेळी पोराच्या तोंडाकडे पाहते. ती माझ्याकडे पाहत होती. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं आत काही सांडलं, कोणी पडलं.

"तू काहून पाह्यलं?" ती म्हणाली. "तू नव्हतं पाहाचं दादा."

मग ती पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं. दिग्रसहून येताना एसटीत शेजारी एक बाई बसली होती. ओळखीची ना पाळखीची. पोरगं हसलं तसं त्या बाईने तोंडात डोकावून विचारलं, वरचे आले वाटते आंधी? मामा किती याले? एकच, असं बहिणीने सांगितलं. तेव्हा बाई म्हणाली, वरचे आधी आले की मामाले जड असते, माय. खालचे येईपर्यंत मामाच्या मांडीवर देऊ नको, मामाले दात पाहू देऊ नको. आणि ती पुढच्या स्टॉपवर उतरून गेली.

मी हसलो. हसू आवरलंच नाही. "डी.एड. झाली तू. वस्तीतल्या पोरायले तूच शिकवत होती न, हे खोटं आहे म्हणून?"

"खोटंच आहे," ती म्हणाली. "मले माहीत आहे खोटं आहे. पण बाबा गेले, आता तू एकटाच आहे. रोज कापसाच्या ट्रकांतून गाडी चालवतो. खोटं आहे, पण तुले काही झालं त? मग मी कोणाले विचारू, खोटं होतं की खरं?"

माझा राग कुठे गेला कळलं नाही. ती आल्यापासून रोज दहाच्या सुमाराला तिचा फोन यायचा, पोचला का म्हणून. मी समजायचो तिला बाजारातून काही हवं आहे, आणि 'काय आणू' विचारलं की ती 'काही नाई' म्हणून ठेवायची. मी तिला वासावरून बोललो होतो, आणि ती माझ्या जिवासाठी पोराचं तोंड लपवत फिरत होती. त्यापायी पोरगं मात्र पोटाला हिंग लावून हिरडीच्या दुखण्याने रडत होतं.

"आईले सांगू नको," ती म्हणाली. "ती मले उभी कापन."

पण दात आईला दाखवल्याशिवाय पोराला आराम पडणार नव्हता. मी दुकानात उशीर होईल म्हणून कळवलं आणि थांबलो. आई खिचडी वाटून घरी आली. मी म्हटलं, "आई, दात आले त्याले."

आईने हात धुतले, दाराच्या उजेडात बसली, पोराचा वरचा ओठ अंगठ्याने उचलला. पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं, दाराजवळच्या पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वरचे," ती म्हणाली. "म्हणून होय."

तिला काही सांगावं लागलं नाही. मी आता वीज पडणार म्हणून तयार होतो. बहीण भिंतीकडे तोंड करून उभी होती. आईने तिला पेटीतला मलमलचा जुना, मऊ तुकडा काढायला सांगितला. उकळून गार केलेलं पाणी वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. पोराच्या हनुवटीची लाळ टिपून तिथे खोबरेल तेल लावलं. स्वच्छ बोटाने खालची हिरडी हळूहळू दाबत राहिली, तसं पोरगं रडायचं थांबून हुंदके देऊ लागलं. थंड, गार काही पाहिजे याले, म्हणाली, अन् आपण चार दिवस चटके देऊन राह्यलो. पेज निववून द्या. चावायला गळ्यात खारीक बांधू नका, घशात जाते. ताप चढला तर दात दात करत बसायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. अंगणवाडीत ती ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात सांगत होती.

पाणी गार झालं. तिने फडक्याची घडी त्यात बुडवली आणि पिळता पिळता, त्याच आवाजात, मला म्हणाली, "तुलेही वरचेच आलते आंधी."

बहीण वळली.

"माह्या माहेरी होतो तेव्हा. आईनं पाह्यले. अन् त्याच साली माहा भाऊ गेला."

आईला एक भाऊ होता आणि तो तरुणपणी वारला, एवढं आम्हाला माहीत होतं. फोटोही नाही त्याचा. कधी, कशाने, हे आईने सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

"कावीळ झालती त्याले. डोळे हळदीसारखे पिवळे. दवाखान्यात नेलं असतं त वाचला असता. पण गावचा एक जण काविळीचा मंत्र मारे, त्याच्याकडे नेत राह्यले. तो मंत्र मारून राह्यला, अन् माहा भाऊ झिजून राह्यला. गेला. मग सगळे म्हणाले, भाच्याचे वरचे दात होते. मंत्राचं कोणी नाव घेतलं नाई. कावळा बसाले अन् फांदी तुटाले, अन् कावळा कोण, त माह्यं आठ महिन्याचं लेकरू."

तिने फडकं झटकलं, परत घडी घातली.

"माह्या आईनं त्या दिवसापासून तुले हाती घेतलं नाई. मरेपर्यंत नाई."

मला आजी आठवते. उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे जायचो. ती मला सगळं द्यायची. सीताफळं राखून ठेवायची, तूप वाढायची, माझं ताट आधी लावायची. पण ताट जमिनीवर ठेवून मागे सरकायची. बहिणीला मात्र मांडीवर घेऊन वेणी घालायची. पोरीचे लाड जास्त असतात, असं मी धरून चाललो होतो. मी मोठा, मला कशाला मांडी, असंही वाटायचं. आई फडकं पिळत होती आणि पस्तिशीचा मी, डबा शेजारी ठेवून, एकाएकी त्या मांडीसाठी आतून भरून आलो. मी अंगणाकडे तोंड केलं.

"म्हणून सांगितलं नव्हतं तुमाले," आई म्हणाली. "सांगितलं असतं त तुमी म्हटलं असतं, पाहा, खरंच असते. आत्ताही तुह्या मनात तेच आलं असन, पोरी."

बहिणीने मान हलवली. आलं होतं. खोटं बोलली नाही.

"येऊ दे. माह्याही मनात येते. आत्ता याचा ओठ उचलला त पह्यले माहा भाऊ आठवला मले. इतले वर्स लोकायले सांगून राह्यली, तरी येते." आईने गार फडकं माझ्या हातात दिलं. पोरगं आता बहिणीच्या कडेवर होतं. "मी नाई देत त्याले मामाजवळ. तू दे. तुले नसन द्यायचं त नको देऊ, दुपारची गाडी आहे दिग्रसची. पण मग याचा मामा जिता असून यानं त्याची मांडी पाहू नये, हे तू ठरवलं, दातायनं नाई."

मी भिंतीला टेकून मांडी घालून बसलो. हात पुढे केले नाहीत. ओढून घेतलेला भाचा मला नको होता. बहीण उभी होती. पोरगं फडक्याकडे पाहून झेपावत होतं, ती त्याला धरून होती. आई उठून आत गेली. चुलीशी भांडी वाजायला लागली, म्हणजे तिला ऐकायचं नव्हतं आणि ऐकूही जात होतं.

शेवटी बहीण माझ्यासमोर बसली आणि तिने पोरगं माझ्या मांडीत ठेवलं. ठेवून झाल्यावरही तिचा हात त्याच्या पाठीवरच होता. मी फडकं पुढे केलं. पोराने ते दोन्ही हातांनी धरून तोंडात कोंबलं, खालच्या हिरडीने कचाकचा दाबलं. गारव्याने त्याचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक. नाकाने फुसफुस आवाज करत ते चावत राहिलं. मधे एकदा माझ्याकडे बघून हसलं, तेव्हा ते दोन दात दिसले. आम्ही दोघांनीही पाहिले.

बहीण उठून गेली नाही. दुपटी मोरीत तशीच होती. ती माझ्या शेजारी, भिंतीला टेकून बसली आणि एका हाताने तिने माझ्या शर्टाची बाही धरून ठेवली. लहानपणी जत्रेत धरायची तशी, घट्ट. तिची भीती गेलेली नव्हती. ती तशीच होती, आणि तशी असतानाच तिने पोरगं माझ्या मांडीवर दिलं होतं.